चौदावा प्रश्न

३ जानेवारी

बावीस वर्षांत पहिल्यांदा दैनंदिनी मिळाली. आमच्या वर्तमानपत्रात नववर्षाची भेट ठरलेली आहे: नोकरीत आहेत त्यांना सोनेरी अक्षरांची दैनंदिनी, कंत्राटावर आहेत त्यांना भिंतीवरचं कॅलेंडर. मी कंत्राटावर. न्यायालयाच्या बातम्या देतो, रोज. दरवर्षी कॅलेंडर घरी आणायचो, बायको ते स्वयंपाकघरात टांगायची आणि विचारायची, "झालात का यंदा तरी पक्के?"

यंदा गठ्ठ्यात एक दैनंदिनी उरली होती, ती कोणीतरी माझ्या हातात ठेवली. कॅलेंडर मी मागितलं नाही. भिंतीवर गेल्या वर्षीचंच आहे, जून महिना उघडा. ती जूनमध्ये गेली. खिळा तिथे एकच आहे.

८ जानेवारी

दाढ काढली. डॉक्टर म्हणाले, बधिरपणा दोन तासांत उतरेल. मी विचारलं, "नाही उतरला तर?" म्हणाले, "असं होत नाही." त्यांचा अनुभव दाढांपुरता.

१२ जानेवारी

शेषशायीने खोलीत बोलावून दार लावून घेतलं. शेषशायी म्हणजे आमचे मुख्य हिशेबनीस. हिशेबात जे शेष उरतं त्यावर ते निवांत पहुडतात, म्हणून हे नाव मी ठेवलं. त्यांना ती स्तुती वाटते. मला सगळे पंडित म्हणतात, कारण संस्कृत घेऊन पदवी केली. ती मला स्तुती वाटत नाही.

कर खात्याची नोटीस आली आहे. खात्याचं म्हणणं असं, की मी, आमचा छायाचित्रकार आणि आणखी चौघे, असे सहा जण कागदोपत्री स्वतंत्र व्यावसायिक आहोत, पण राबतो नोकरांसारखे. नोकर ठरलो तर मागचा कर, दंड आणि आमचा भविष्यनिर्वाह निधी मालकांच्या माथी. स्वतंत्र ठरलो तर तोच कर आमच्या माथी, आणि म्हातारपणी आपापलं बघा.

"तुम्ही स्वतंत्र आहात, पंडित," शेषशायी म्हणाले. "अभिमान वाटायला हवा."

"वाटत असेल. कुठे वाटतो ते अजून सापडलेलं नाही."

मग त्यांनी दैनंदिनी परत मागितली. ती देणं हे नोकरीचं लक्षण धरलं जाऊ शकतं म्हणे. मी म्हटलं, दोन पानं लिहून झाली आहेत. म्हणाले, फाडून घ्या. मी म्हटलं, फाडलेली दैनंदिनी मिळाली तर ते पुरावा नष्ट केल्याचं लक्षण धरलं जाईल. ते विचारात पडले. मी निघालो.

१३ जानेवारी

शाळेत आम्हाला देहलीदीपन्याय शिकवला होता. उंबऱ्यावर ठेवलेला दिवा आतल्या खोलीतही उजेड पाडतो आणि बाहेरही. फार सुंदर दृष्टान्त आहे. तेल कोणी घालायचं, याबद्दल शास्त्रकार काही बोलत नाहीत.

१९ जानेवारी

सहांमध्ये मी सर्वांत जुना, म्हणून माझं प्रकरण नमुना म्हणून घेतलं आहे. माझं जे ठरेल ते सहांचं ठरेल. खात्याने प्रश्नावली पाठवली, बावीस प्रश्न. वर्षाला एक.

पहिले तेरा सरळ आहेत. काम कोण सांगतं? रोज सकाळी नऊला संपादकांचा फोन येतो, ते सांगतात. वेळ कोण ठरवतं? न्यायालय अकराला बसतं, मजकूर पाचच्या आत द्यायचा. साधनं कोणाची? खुर्ची त्यांची, पेन माझं. करार किती मुदतीचा? अकरा महिन्यांचा, मग एक दिवस खंड, मग पुन्हा अकरा महिने. त्या एका दिवशी मी कायद्याने कोणाचाच नसतो.

चौदावा: "तुमच्या ऐवजी दुसऱ्या कोणी व्यक्तीने हे काम कधी केले आहे काय? होय / नाही. 'होय' असल्यास तपशील द्या."

तो सोडून पुढे गेलो. बाविसावा संपला. चौदावा कोराच.

२० जानेवारी

तपशील असा.

पंधरा वर्षांपूर्वी उजव्या डोळ्याचा पडदा सुटला. ऑपरेशन झालं, एकवीस दिवस पालथं पडून राहायचं, वाचायचं नाही, लिहायचं नाही. कंत्राटदाराला आजारपण नसतं, त्याच्या जागी फक्त दुसरा कंत्राटदार असतो. म्हणून कार्यालयात कळवलंच नाही. नऊचा फोन आला की मी उशीत तोंड खुपसूनच "हो, हो" म्हणायचो. आणि ती पिशवी घेऊन न्यायालयात जायची.

पहिल्या दिवशी मी तिला काय बघायचं, काय टिपायचं ते सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी अर्धं सांगितलं. चौथ्या दिवशी तिने विचारलंच नाही. शेवटच्या बाकावर बसायची. शिरस्तेदारांना वाटलं, बाईंचा घटस्फोटाचा दावा असणार. आठवडाभराने त्यांनी दयेने विचारलं, "तुमची तारीख अजून लागत नाही का हो?" ती म्हणाली, "लांबवतायत." घरी येऊन इतकी हसली, की मला पालथ्याचा उताणा होऊन बघावंसं वाटलं. डॉक्टरांची मनाई होती.

साडेचारला मजकूर हाताने लिहून कार्यालयाच्या दारातल्या पेटीत टाकायची. तिथून तो संपादकांच्या लाल पेन्सिलीखालून मजकूर जुळणाऱ्या जुळाऱ्याकडे जायचा आणि जुळून झाला की कागद रद्दीत. पाचच्या घाईत अक्षर कोण बघतं, असं आम्ही धरलं होतं. दुसऱ्या दिवशी माझ्या नावाने छापून यायचा. एकवीस दिवस, एकवीस बातम्या; सुट्टीच्या दिवसाची ती आदल्या दिवशीच लिहून ठेवायची. कोणाला कळलं नाही.

एकाला कळलं. छायाचित्रकार न्यायालयाच्या आवारात असायचा. त्याने तिला पाहिलं आणि तोंड बंद ठेवलं.

२४ जानेवारी

छायाचित्रकार घरी आला. गुडघे गेले आहेत, जिना चढून धापा टाकत होता. आत येऊन ओट्यावरचे डबे बघत उभा राहिला. डब्यांवर तिने चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत. तिची लिहिण्याची रीत वेगळी: आधी सगळी अक्षरं, आणि मग ओळभर वरून एकच रेघ, पट्टीने मारावी तशी सरळ. दोन चिठ्ठ्यांवरची अक्षरं पुसली, रेघ तेवढी राहिली. त्या डब्यांत काय आहे ते मी उघडून बघितलेलं नाही.

"पंडित, वहिनींचं ते एकवीस दिवसांचं... तेवढं काढू नकोस."

"विचारलंय त्यांनी."

"विचारतात रे. मला विचारलं, छंद काय. मी लिहिलं, गुडघे." मग तो बसला. "बायकोला बदली माणूस म्हणून पाठवता येतं हे एकदा सिद्ध झालं, की आपण ठेकेदार. शेषशायीचा वकील हेच शोधतोय. सहा घरं आहेत. तू एका शब्दावर खूण करायची, 'नाही'. वहिनी काय, वरून रागावणारेत?"

"नाही."

"मग?"

"मग काही नाही," मी म्हटलं. चहा केला. त्याने सांगितल्यावर कळलं, साखर घालायची राहिली होती. मी अर्धा प्यालो होतो.

२ फेब्रुवारी

काही नाही.

९ फेब्रुवारी

मुलीचा फोन. ती दुसऱ्या शहरात नोकरी करते, पक्की नोकरी, दैनंदिनी मिळणारी.

"बाबा, जेवलात?"

"हो."

"काय?"

"जेवण."

मग मी तिला चौदावा प्रश्न सांगितला, काहीतरी बोलायला हवं म्हणून. म्हटलं, तुला माहीत नसेल, तू सात वर्षांची होतीस.

"माहीत कसं नसेल? शाळेतून शेजारच्या काकूंकडे जायचे ना मी. मी वर्गात सांगितलं होतं, माझ्या आईला नोकरी लागली."

"नोकरी नव्हती ती."

"असू दे. तेव्हा ती फार बोलायची, बाबा. रात्री जेवताना न्यायाधीशांची नक्कल करायची. तुम्हाला दिसत नव्हतं, तुम्ही पालथे होतात. नंतर तुम्ही उठलात आणि ती पुन्हा डबे भरायला लागली."

मी म्हटलं, आवाज नीट येत नाहीये. येत होता.

१६ फेब्रुवारी

संपादक जिन्यात भेटले. म्हणजे भेटला. बाहेर आम्ही अहोजाहो करतो, जिन्यात अरेतुरे. आम्ही एकाच वर्षी इथे आलो. तो पक्का झाला, मी राहिलो. मे अखेरीस त्याचं निवृत्तीचं वय होतंय, पण मालक दोन वर्षांची मुदतवाढ देणार असं सगळे धरून चालले आहेत.

"दिलास का रे कागद भरून?"

"एक प्रश्न राहिलाय."

"चौदावा?"

कसं ओळखलं कोण जाणे. संपादकांना पानावरची कोरी जागा लांबून दिसते, हा व्यवसायाचा भाग असावा.

"खरं काय ते लिही," तो म्हणाला. "पुढचं पुढे." आणि दोन पायऱ्या उतरून: "तसंही खोटं तुला लिहिता येत नाही. खरंसुद्धा जरा लांबवतोसच."

बावीस वर्षं हा माझा मजकूर लाल पेन्सिलीने कापत आला आहे. एकदाही 'बरा आहे' म्हणालेला नाही.

४ मार्च

आज खंडाचा दिवस. कालचा करार संपला, उद्याचा सुरू व्हायचा आहे. बावीस वर्षांत हा चोविसावा. या दिवसाला ती 'तुमचा बेवारशी दिवस' म्हणायची आणि वाया जाऊ द्यायची नाही. वर्तमानपत्र उघडायला बंदी. कुठलीही बस पकडायची, शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं, तिथे जे असेल ते बघायचं, परत यायचं. एकदा फक्त एक पाण्याची टाकी होती. ती आम्ही पाऊण तास बघितली.

मीही बस पकडली. सवयीने दोन तिकिटं मागितली. वाहकाने दुसरं माणूस शोधलं, मग एकच फाडलं. शेवटच्या थांब्यावर तो म्हणाला, "काका, उतरायचं नाही?" मी म्हटलं, नाही, इथूनच परत.

परतीच्या वाटेवर प्रश्नावली मांडीवर घेतली. विचार असा केला: आज मी कोणाचाच माणूस नाही. तेव्हा आज जे लिहीन त्याने मालकांचा विश्वासघात होत नाही आणि सहकाऱ्यांचाही नाही. हा युक्तिवाद लंगडा आहे हे मला कळतं. पण 'नाही' वर खूण केली तर ती एकवीस दिवस घरीच होती असं सरकारदप्तरी नोंदवलं जाईल, आणि तिने घरी घालवलेल्या दिवसांत आणखी एकवीसांची भर कशाला.

'होय' वर खूण केली. तपशील लिहिला, सहा ओळी. बस हलत होती, रेघ वाकडी आली.

६ मार्च

छायाचित्रकाराला सांगितलं. तो ओरडला नाही. कॅमेऱ्याची काच पुसत राहिला. मग म्हणाला, "माझं ऑपरेशन पुढच्या वर्षावर टाकतो. त्याच्या पुढच्याही." आणि थोड्या वेळाने: "वहिनींनी मला त्या दिवसांत रोज अर्धी पोळी दिली होती रे." यातून काय घ्यायचं ते मला कळलं नाही. बहुतेक त्यालाही नाही.

२२ मार्च

सुनावणी. कर खात्याची खोली, तिसरा मजला, टेबलावर टाचण्यांची वाटी. अधिकारी बाई तरुण, सर्दीने बेजार. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला शेषशायी, त्यांचा वकील आणि संपादक. बाकीचे पाच जण बाहेर बाकावर.

वकील आनंदात होता. "मॅडम, चौदावा प्रश्न बघा. यांनी स्वतःच्या मर्जीने दुसरं माणूस पाठवलं. नोकराला असं करता येतं का? माझ्या कारकुनाने उद्या मेव्हण्याला पाठवलं तर चालेल का?"

बाईंनी नाक पुसलं आणि मला विचारलं, "पत्नीला पाठवलंत हे कार्यालयाला कळवलं होतं?"

"नाही."

"का?"

"कळवलं असतं तर जागा गेली असती."

"कोणी तसं सांगितलं होतं?"

"सांगावं लागत नाही. खुर्ची एकच होती."

"पत्नीला काही मोबदला दिलात?"

"नाही. ती आली की मी विचारायचो, आज काय झालं? ती सांगायची. तेवढंच."

"त्यांनाही बोलावता येईल का?"

"जूनमध्ये गेली," मी म्हटलं. बाईंनी काहीतरी लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. शेषशायी खिडकीकडे बघत होते.

मग बाई संपादकांकडे वळल्या. "तुम्हाला ठाऊक होतं, की त्या तीन आठवड्यांत मजकूर दुसरं कोणी लिहीत होतं?"

वकील पुढे झुकला होता. "सर, आठवून सांगा. तुमची मूक संमती असणारच ना? इतके दिवस!"

"काहीही ठाऊक नव्हतं," संपादक म्हणाले.

"तीन आठवडे? तुमच्या लक्षात आलं नाही?"

"नाही."

"आणि आलं असतं तर?"

"त्याच दिवशी काढून टाकलं असतं. माझ्या परवानगीशिवाय कोणालाही दुसरं माणूस पाठवता येत नाही. कधीच येत नव्हतं."

वकिलाने पेन टेबलावर ठेवलं. शेषशायींनी संपादकांकडे असं बघितलं, जसं शेष संपल्यावर बघावं.

बाहेर आलो. काढून टाकलं असतं. बावीस वर्षं जिन्यात अरेतुरे करणारा माणूस, सांगताना त्याचा आवाजही हलला नाही. आणि संपादक म्हणवतो; तीन आठवडे दुसऱ्याची भाषा छापली आणि पत्ता नाही. तो जिन्यात थांबला होता. मी लिफ्टने उतरलो.

३ एप्रिल

नऊला फोन आला. मी "हो, हो" म्हटलं आणि ठेवला.

१८ एप्रिल

तसंच.

७ मे

निकाल आला. नऊ पानी. सहाही जण नोकर. छायाचित्रकाराने फोनवर मला "अरे गुलामा!" अशी हाक मारली आणि रडायला लागला. मी म्हटलं, गुडघ्यांना सांग.

सातव्या पानावर असं आहे: "स्वतंत्र व्यावसायिकास बदली व्यक्ती पाठवण्यासाठी कोणाची भीती बाळगावी लागत नाही. अर्जदारास ती लपवून पाठवावी लागली. संपादकांच्या जबाबावरून ही लपवाछपवी निष्कारण नव्हती हे दिसते. अर्जदाराच्या पत्नीने (आता हयात नाहीत) एकवीस दिवस हे काम केले, ही बाब कोणाच्याही लक्षात आली नाही."

म्हणजे ज्या गोष्टीने बुडणार होतो तिनेच तारलं. काहीतरी वाटायला हवं होतं. मुलीला फोन करून ते वाक्य वाचून दाखवलं. ती म्हणाली, "परत वाचा." परत वाचलं. ती म्हणाली, "शेवटचं सोडून."

२५ मे

पक्का झाल्याचं पत्र मिळालं. सोबत मागील तारखेपासून रजा. बावीस वर्षांची साठलेली आजारपणाची रजा. आता आजारी पडायला हरकत नाही.

३१ मे

संपादकांना मुदतवाढ मिळाली नाही. आज शेवटचा दिवस होता. वय झालं, असं मालकांनी सांगितलं. सुनावणीआधी तेच वय चालत होतं. निरोप समारंभाला शेषशायी आले नाहीत. मी मागे उभा होतो. दोन महिने आम्ही फोनवरच्या "हो, हो" पलीकडे बोललेलो नाही.

सगळे पांगल्यावर तो माझ्या टेबलाशी आला आणि एक जाड पिवळा लिफाफा ठेवला. "खण आवरताना निघालं. तुझं नाही, पण तुझ्याकडेच द्यायला हवं."

"काय आहे?"

"घरी जाऊन बघ. आणि पंडित, लिफ्टने जाऊ नकोस. बंद पडलीय."

जिन्यात तो पुढे होता, मी मागे. खाली पोचल्यावर म्हणाला, "उद्या नऊला कोणाला फोन करू, हा प्रश्न आहे."

१ जून

सकाळी उघडला.

हाताने लिहिलेले कागद. आधी सगळी अक्षरं, मग वरून ओळभर एकच रेघ. पहिल्या कागदावर तारीख आहे, पंधरा वर्षांपूर्वीची, माझ्या ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवसाची. एकवीस कागद. जुळाऱ्याकडून रद्दीत गेले असं मी इतकी वर्षं समजत होतो. रेघ कोणाची आहे हे त्याला पहिल्याच दिवशी दिसलं असणार. माझं अक्षर तो सात वर्षं कापत होता.

एकाही कागदावर लाल पेन्सिल नाही. एक शब्द कापलेला नाही. फक्त शेवटच्यावर, खाली कोपऱ्यात, त्याच्या हाताने लाल अक्षरं: "उत्तम. न कापता."

मग सुनावणीत 'काहीही ठाऊक नव्हतं' म्हणाला ते काय, हे लिहायला बसलो आणि थांबलो. खोटं मला लिहिता येत नाही, असं तो म्हणाला होता. त्याला बोलता येतं.

एकविसावी बातमी एका म्हाताऱ्याच्या दाव्याची आहे, भिंतीवरून शेजाऱ्याशी भांडण. शेवटी ती लिहिते: "निकाल ऐकून दोघेही एकाच जिन्याने उतरले, कारण दुसरा जिना नव्हता." हे मी कधी वाचलंच नव्हतं. तेव्हा वाचायला बंदी होती, नंतर राहून गेलं.

नऊ वाजले. फोन वाजला. मी उचलला, "हो, हो" म्हणायला तोंड उघडलं, आणि आवाज आला नाही. पलीकडून तो म्हणाला, "राहू दे. आज खंडाचा दिवस."

उजव्या डोळ्यातून पाणी येतंय. ऑपरेशन झालेला तोच. दुपारी डॉक्टरांना दाखवायला हवं, आता रजाही आहे.

डाव्यातूनही येतंय. त्याचं ऑपरेशन कधी झालं नव्हतं.